जुन्या धुराड्यात लायनर बसविण्याआधी आणि बसविताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कॅम्प भागात आपला जुना दगडी बंगला आहे, वर मंगलोरी कौले आहेत आणि दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे. पेटविली की धूर खोलीत येतो, म्हणून ती कित्येक वर्षे बंद ठेवलेली आहे. आईंना थंडी सोसत नाही, म्हणून त्या जागी ६ इंची तोंडाची बिडाची बंद शेगडी बसविण्याचे आपण ठरविले आहे. फॅब्रिकेटरने दोन पर्याय सुचविले आहेत. पहिला असा, की धुराडे तयारच असल्यामुळे शेगडीचा पाइप त्यात दोन फूट सोडून द्यावा. दुसरा असा, की स्वयंपाकघरातील चिमणीला लावतात तो अ‍ॅल्युमिनियमचा लवचीक पाइप वरपर्यंत न्यावा. धुराडे वरच्या मजल्यावरील मुलांच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून जाते. लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत वरपर्यंत घालायची धातूची नळी, खरोखर लागते का, आणि ते घरच्या घरी बसविता येईल का, असे आपण विचारले आहे.

लायनर लागते, आणि आपल्या घरात तर ते टाळण्याचा विचारसुद्धा करू नये. फॅब्रिकेटरचे दोन्ही पर्याय मी नाकारीन, आणि दुसरा पहिल्यापेक्षाही घातक आहे. पुणे, पाचगणी आणि महाबळेश्वर येथे भट्ट्यांची आणि घरगुती शेगड्यांची धुराडी बसविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी वीसहून अधिक वर्षे करीत आहे. या काळात पाहिलेल्या बिघडलेल्या धुराड्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: धूर टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थंड झाला होता. पुढील सर्व तपशील या एका गोष्टीभोवती आहेत.

ज्यांच्या घरी पूर्वी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटत असे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे बंब पेटविताना पहिली पाच मिनिटे धूर डोळ्यांत जातो. मधली नळी एकदा तापली, की धूर आपोआप वर खेचला जातो आणि खालून हवा ओढली जाऊन लाकूड नीट पेटते. धुराड्यातील गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, आणि या वजनाच्या फरकालाच आम्ही ओढ म्हणतो. ६ मीटर उंचीच्या धुराड्यात धुराचे सरासरी तापमान २०० अंश सेल्सियस आणि बाहेरची हवा १५ अंश असेल, तर पुण्याच्या उंचीवरील हवेचा दाब धरून ही ओढ साधारण २६ पास्कल (पास्कल हे दाबाचे माप) येते. धूर १०० अंशांपर्यंत निवला आणि बाहेर ३० अंश असतील, तर ती १२ पास्कलपर्यंत घसरते, आणि त्यातूनही वळणांचे व पाइपच्या खरबरीतपणाचे नुकसान वजा होते. बहुतेक बंद शेगड्यांना नीट चालण्यासाठी सुमारे १२ पास्कल ओढ लागते. थंड देशांत जे धुराडे कसेबसे चालून जाते ते पुण्यात चालत नाही, याचे कारण हेच आहे. आपल्याकडे बाहेरची हवाच पुरेशी थंड नसते, त्यामुळे ओढीसाठी धुराच्या उष्णतेवरच विसंबावे लागते.

आता आपले धुराडे पाहू. जुन्या बंगल्यांत आतली पोकळी बहुधा ९ इंच बाय ९ इंच असते, म्हणजे ८१ चौरस इंच. उघड्या शेकोटीसाठी ती योग्य होती, कारण उघड्या शेकोटीबरोबर खोलीतील भरपूर हवाही वर जाते. आपल्या शेगडीचे तोंड ६ इंची गोल आहे, म्हणजे जेमतेम २८ चौरस इंच. एवढ्याशा तोंडातून येणारा धूर तिपटीने मोठ्या, जाड आणि थंड विटांच्या पोकळीत सोडला, की त्याचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर येतो आणि तो रेंगाळत निवत जातो. धुराड्याच्या आतल्या भिंतीचे तापमान साधारण १२० अंशांच्या खाली गेले, की धुरातील वाफ आणि डांबरी द्रव्ये तिच्यावर जमू लागतात. प्रथम ती काजळीसारखी भुसभुशीत असतात, मग काकवीसारखी घट्ट होतात आणि शेवटी काचेसारखा चकचकीत काळा थर तयार होतो. तो ब्रशने निघत नाही, मात्र पेट अवश्य घेतो. धुराड्यातील अशी आग १००० अंशांच्या पुढे जाते.

दुसरे कारण चुन्याचे आहे. आपल्या बंगल्याच्या काळातील विटांचे सांधे चुन्याचे असतात. धुरातील आम्लयुक्त ओलावा चुना खातो, आणि इतक्या वर्षांनंतर काही सांधे रिकामे झालेले असण्याची शक्यता मोठी आहे. उघड्या शेकोटीच्या काळात दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा खेळत असे. आज मुलांच्या खोलीच्या खिडक्या थंडीत घट्ट बंद असतात. त्या भिंतीच्या एखाद्या सांध्यातून कार्बन मोनॉक्साइड झिरपला, तर त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत त्याची शुद्ध हरपते. लायनर म्हणजे या जुन्या भिंतींच्या आत शेगडीपासून आकाशापर्यंत नेलेला एकसंध, कुठेही न गळणारा धुराचा मार्ग. आपल्या बाबतीत त्याचे हे काम ओढीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

तिसरे कारण लाकूड. पाचगणीतील एका बंगल्यात मला बोलावले गेले, ते वरच्या खोलीतील कपाटामागे भिंतीवर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला होता म्हणून. खाली दोन हिवाळे नवी शेगडी चालू होती, आणि तिचा पाइप जुन्या धुराड्यात दोन फूट सोडून दिलेला होता. डागावर तळहात ठेवला तर भिंत कोमट लागली, आणि नाक जवळ नेले तर डांबराचा उग्र वास आला. गिलावा उतरवून चार विटा काढल्या, तेव्हा सागवानी तुळईचे टोक थेट धुराड्याच्या भिंतीत गेलेले दिसले. पटाशीने खरवडले तर इंचभर कोळसा सुटून खाली पडला आणि त्याच्याआड लाकूड लागले. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड कमी तापमानालाही पेट घेते. त्या घरात आणखी एक-दोन हिवाळे तसेच गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करतो. जुन्या बंगल्यांत तुळया, वासे आणि पाखाड्या धुराड्याला टेकलेल्या किंवा त्यात घुसलेल्या वारंवार आढळतात. म्हणून आपल्या घरात तुळयांची टोके कुठे बसली आहेत हे आधी पाहावे. एखादी भिंतीत गेलेली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखविल्याशिवाय पुढचे काम करू नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपविषयी मला स्पष्ट लिहायला हवे, कारण ही सूचना पुण्यात सर्रास केली जाते. आपल्याकडे दुकानात चिमणी मागितली, की स्वयंपाकघरातील विजेची चिमणी समोर येते, आणि तिच्याबरोबर मिळणारा चंदेरी लवचीक पाइप हा जणू कोणत्याही धुरासाठीच आहे असा समज होतो. तो पाइप फोडणीच्या वाफेसाठी असतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याआधीच मऊ पडते, तेव्हा धुराड्यात आग लागली तर तो पाइप उरणारच नाही. जी.आय. (जस्त चढविलेला लोखंडी) पाइपही नको. त्यावरील जस्ताचा थर ४१९ अंशांना वितळतो, त्याच्या वाफा विषारी असतात, आणि थर गेल्यावर धुरातील आम्ल उघड्या लोखंडाला लवकर भोके पाडते. बंबासाठी काही घरांत वापरले जाणारे सिमेंटचे पाइप अचानक तापले तर तडकतात, आणि त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्यांना कापायलाही जाऊ नये.

लाकडी शेगडीसाठी स्टेनलेस स्टीलच वापरावे, आणि माझा आग्रह ३१६ ग्रेडचा असतो. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे धुरातील आम्लाला आणि क्लोराइडला ते ३०४ पेक्षा अधिक काळ तोंड देते. लवचीक लायनर दोन पदरी असते. ते बाहेरून नागमोडी आणि आतून गुळगुळीत असते, त्यामुळे काजळी कमी अडते आणि ब्रश नीट फिरतो. एकपदरी, आतूनही वळ्या असलेले लायनर गॅसच्या उपकरणांसाठी असते, ते लाकडाला चालत नाही. दोन पदरी लायनर आपल्याकडे बहुधा आयात केलेले मिळते आणि महाग पडते. आपले धुराडे ओळंब्यात सरळ निघाले, तर दुसरा उत्तम मार्ग आहे: ३१६ च्या १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे, आर्गॉन वेल्डिंग केलेले, मीटर-मीटर लांबीचे कडक पाइप करून घ्यावेत. १५० मिलिमीटर व्यासाचा असा पाइप मीटरला साधारण पावणेचार किलो भरतो, म्हणजे ७ मीटरचे वजन २६ ते २७ किलो. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात हे काम नीट करणारे कारखाने आहेत.

माल घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून आणि ३०४ हे ३१६ म्हणून खपविले जाते. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, कारण या तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरील हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतणीचा क्रमांक, पत्र्यावरील नंबराशी जुळवून पाहावा. शंका असेल तर धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तुकडा नेऊन मॉलिब्डेनमचे प्रमाण पाहून घ्यावे. संपूर्ण कामाच्या खर्चात ही तपासणी किरकोळ असते.

लायनरचा व्यास शेगडीच्या तोंडापेक्षा कधीही कमी असू नये. आपल्याला १५० मिलिमीटर, म्हणजे ६ इंचच हवे. जागा पुरत नाही म्हणून ५ इंची घालू, असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नये.

शेगडी अजून घेतली नसेल, तर तिच्या क्षमतेबद्दल येथेच सांगतो, कारण पुण्यात सर्वांत जास्त चूक येथे होते. थंड देशांत ढोबळ हिशोब असा करतात, की खोलीच्या दर १४ घनमीटरला १ किलोवॉट. तो हिशोब घरातील आणि बाहेरच्या तापमानात २० अंशांचा फरक धरून केलेला असतो. आपला दिवाणखाना ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सव्वाचार मीटर उंच धरला, तर त्या हिशोबाने ९ किलोवॉट येतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतील पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे फरक निम्माच. साडेचार-पाच किलोवॉटची शेगडी पुरेशी आहे, आणि तिला तासाला दीड-पावणेदोन किलो कोरडे लाकूड लागते. लोक मोठी शेगडी घेतात, अर्ध्या तासात खोली तापते, मग हवेची झडप आवळून ती रात्रभर धुमसत ठेवतात. धुमसणारी शेगडी म्हणजे डांबराचा कारखाना, आणि त्यापुढे उत्तमातले उत्तम लायनरही हतबल होते. लहान शेगडी आणि खणखणीत पेटलेला जाळ, हाच पुण्याच्या थंडीला योग्य उपाय आहे.

आता प्रत्यक्ष काम. सर्वप्रथम धुराडे झाडून घ्यावे. कित्येक वर्षे बंद असलेल्या धुराड्यात कबुतरांची घरटी, पाला, पडलेल्या विटा आणि मधमाश्यांची पोळी हमखास निघतात. आग्या मोहोळ दिसले तर काम थांबवून जाणकारालाच बोलवावे. त्यानंतर ड्रेनेजच्या पाहणीसाठी वापरतात तसला कॅमेरा आतून फिरवावा. जुन्या बंगल्यांत पाठीला पाठ लावून दोन खोल्यांच्या दोन फायरप्लेस असतात आणि बाहेरून एकच धुराडे दिसते. आत दोन स्वतंत्र पोकळ्या आहेत, की मध्येच त्या एकत्र होतात, हे याच वेळी कळते. एका लायनरवर एकच शेगडी, याला अपवाद नाही.

मग लायनर जाईल की नाही, ते पाहावे. वरून दोरीला ओळंबा बांधून सोडला, तर धुराडे सरळ आहे की मध्ये वळले आहे ते कळते. फायरप्लेसच्या लगेच वर घशाशी एक अरुंद जागा आणि मागे एक सपाट कट्टा असतो. तेथे बहुतेक वेळा चार-सहा विटा काढून जागा करावी लागते. त्यानंतर लायनरचाच एक फूटभर तुकडा, किंवा ६ इंचांहून किंचित मोठा लाकडी गोळा, दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून वरपासून खालपर्यंत ओढून पाहावा. दोरी दोन्ही बाजूंनी असावी, म्हणजे तो अडकला तर वरही खेचता येतो. ही पायरी गाळून थेट महागडे लायनर सोडणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे. ते मध्येच अडकते, ओढताना त्याची वळी उकलते, आणि मग ते टाकूनच द्यावे लागते. लांबी मोजताना, फायरप्लेसच्या घशाशी जो पत्रा बसवायचा आहे त्याच्यापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यात फूटभर अधिक धरावे.

उष्णतारोधक आवरणाला लोक ऐच्छिक समजतात. बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या धुराड्यात मी ते सक्तीचे मानतो. सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडविणाऱ्या तंतूंची गादी, पुण्यात सहज मिळते, कारण येथील भट्ट्यांना ते लागतेच. येथे मात्र मोजमाप महत्त्वाचे आहे. ९ इंचांची पोकळी म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर. १५० मिलिमीटरच्या लायनरभोवती २५ मिलिमीटरचे ब्लँकेट गुंडाळले, की ते २०० होते, आणि आत गिलाव्याचे पोपडे किंवा किंचित वळण असेल तर ते फाटत-फाटतच खाली जाते. म्हणून अशा पोकळीत १३ मिलिमीटरचे ब्लँकेट घ्यावे, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि फॉइलवर स्टीलची जाळी गुंडाळावी, आणि स्टीलच्याच तारेने फूट-फूट अंतरावर बांधावे. आगीत फॉइल राहिली नाही तरी हरकत नाही, तिचे काम ब्लँकेट आत उतरेपर्यंत सांभाळण्याचे असते. दुसरा मार्ग वर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता अडविणारे हलके खनिज दाणे, ओतण्याचा आहे. तो सोपा असला तरी माथ्याची टोपी एका पावसात गळली की भरलेला माल पाणी पितो, आणि पुढे लायनर बदलायचे झाले तर सगळे जखडून बसते. आपल्याकडचा पाऊस पाहता मी ब्लँकेटच पसंत करतो. ते कापताना उडणारे तंतू घशाला आणि फुप्फुसांना घातक असतात, तेव्हा चांगल्या दर्जाचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि काम अंगणात करावे.

लायनर सोडण्यासाठी वर दोन माणसे आणि खाली एक लागते. मंगलोरी कौलांवर पाय ठेवून हे काम कदापि करू नये. कौल फुटले की माणूस थेट खाली येतो. धुराड्याभोवती पक्की परांची बांधावी आणि वरच्या दोघांच्या कमरेला सेफ्टी बेल्ट असावेत. लायनरवर दिशेचा बाण असतो. तो वर, म्हणजे धुराच्या वाटेकडे राहिला पाहिजे. खालच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपी बसवून तिला दोरी बांधावी. वरच्यांनी हळूहळू सोडावे आणि खालच्याने दोरी नुसती ताणून धरावी, खेचू नये. अडले की थांबावे, हातभर वर घ्यावे, किंचित फिरवावे आणि पुन्हा सोडावे. वरच्याने ‘थांब’ म्हटले की खालच्याचा हात तत्काळ थांबला पाहिजे, म्हणून हाका काय मारायच्या ते आधीच ठरवून घ्यावे. कडक पाइप वापरत असाल, तर प्रत्येक तुकडा वरच्या वर जोडत खाली सोडावा. जोडाचे निमुळते टोक खाली आणि रुंद तोंड वर असावे, म्हणजे आत ओघळणारे डांबर जोडातून बाहेर न पडता शेगडीकडे परत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, आणि पावसाच्या पन्हळीची सवय असलेले कारागीर ते हमखास उलट बसवितात. प्रत्येक जोडाला स्टीलचेच रिव्हेट लावावेत.

सगळा भार माथ्यावर टांगलेला असतो, खाली टेकविलेला नसतो. माथ्यावर स्टीलची प्लेट आणि क्लॅम्प बसवून लायनर तेथे पकडावे, आणि प्लेटभोवती बाहेर उतार देऊन गिलावा करावा. खाली थोडी मोकळीक ठेवणे आवश्यक आहे. ६ मीटरचे लायनर ४०० अंशांनी तापले, की जवळजवळ ३८ मिलिमीटर वाढते. खाली ते घट्ट चिणून टाकले तर ही वाढ कुठेतरी सांधा उकलून बाहेर पडते. माथ्यावर पावसाची टोपी आणि भोवती जाळी असावी. जाळीची भोके साधारण १० ते १२ मिलिमीटरची असावीत. त्याहून बारीक असली तर ती काजळीने बुजते, मोठी असली तर पक्षी आत शिरतात. धुराड्याचे तोंड कौलांतून जेथे बाहेर येते तेथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या अंतरातील कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच असले पाहिजे. शेजारी नवी इमारत उभी राहिली असेल तर वारा उलटा फिरतो, हेही पाहून घ्यावे. बंगला कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असल्यामुळे धुराड्याची उंची वाढविण्याआधी परवानगीची चौकशी करावी.

फायरप्लेसच्या घशाशी ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा बसवून तोंड बंद करावे, आणि लायनर त्यातून खाली आणून अ‍ॅडॉप्टरने शेगडीच्या पाइपला जोडावे. फटींत उष्णतारोधक दोरी आणि फायर सिमेंट भरावे. साधे सिमेंट दोन आठवड्यांत तडकते. पत्र्यात किंवा पाइपवर सफाईचे झाकण ठेवण्यास विसरू नये. ते नसेल तर पुढे दर वर्षी शेगडी हलवावी लागते, आणि मग कोणी साफ करीत नाही. शेगडीपासून पत्र्यापर्यंतचा पाइप होता होईल तो उभा असावा, वळण घ्यावेच लागले तर ४५ अंशांचे घ्यावे. हा उघडा पाइप लाकडी वस्तूंपासून किमान १८ इंच दूर हवा. आपल्या फायरप्लेसवर सागवानी फळी असेल, तर तिच्याखाली पत्र्याची ढाल मध्ये हवेची जागा ठेवून लावावी, किंवा ती फळी काढावी.

शेगडीला लागणारी हवा खोलीतूनच येते. स्वयंपाकघरातील विजेची चिमणी तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढण्याच्या क्षमतेची असते. दारे-खिडक्या बंद असताना ती चालू केली, तर घरातील हवेचा दाब कमी होतो आणि शेगडीचा धूर लायनरमधून उलटा खाली खेचला जातो. म्हणून शेगडीजवळ बाहेरच्या भिंतीत कायमची उघडी राहणारी जाळी बसवावी आणि थंडी वाजते म्हणून तिच्यात कापड कोंबू नये. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म घ्यावेत. एक दिवाणखान्यात शेगडीपासून एक ते तीन मीटरवर आणि दुसरा मुलांच्या खोलीत लावावा. ते ऑनलाइन मिळतात. धुराचा अलार्म निराळा असतो आणि तो याची जागा घेत नाही.

फायर सिमेंटला एक दिवस सुकू द्यावे, नंतर दोन-तीन दिवस फक्त लहान जाळ करावा. त्यानंतर खरी परीक्षा घ्यावी: शेगडी तापवावी, खिडक्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातील चिमणी पूर्ण वेगाने लावावी, आणि पेटती उदबत्ती शेगडीच्या दाराच्या फटीशी धरावी. धुराची रेघ आत ओढली गेली पाहिजे. ती बाहेर वळली किंवा नुसती डळमळली, तरी शेगडी वापरू नये. माणूस वरच्या खोलीत पाठवून भिंतीला हात लावून पाहण्यास सांगावे आणि वासही घ्यायला सांगावा.

लाकडाविषयी एवढेच, की त्यातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा, आणि ते मोजण्याचे छोटे मीटर स्वस्तात मिळते. बाभूळ चांगली जळते. लाकूड फेब्रुवारीत फोडून, मार्च ते मे या कोरड्या उन्हात रचून, पावसाळ्यात वरून झाकून पण बाजूंनी उघडे ठेवले तर थंडीपर्यंत तयार होते. टिंबर मार्केटातून फुकट मिळणारे प्लायवूड, सनमायका लावलेले आणि रंगविलेले तुकडे जाळू नयेत. त्यांतील डिंकाचा आणि रंगाचा धूर आईंसाठी वाईट, आणि त्यांच्याबरोबर पी.व्ही.सी.ची पट्टी जळली तर निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल ३१६ लाही खाते. सफाई वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, नायलॉनच्या ब्रशने करावी. तारेच्या ब्रशने लायनरचा आतला पदर खरवडला जातो. धुराड्यात आग लागली, तर आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी शेगडीचे दार आणि हवेच्या झडपा बंद कराव्यात, सर्वांना घराबाहेर काढावे आणि १०१ वर फोन करावा. धुराड्यात पाणी ओतू नये.

घरी करता येईल का, याचे उत्तर आता देता येते. पाहणी, मोजमाप, गोळा ओढून पाहणे, ब्लँकेट गुंडाळणे, खालचा पत्रा आणि अलार्म बसविणे एवढे काम आपण एखादा चांगला गवंडी घेऊन नक्की करू शकाल. माथ्यावरील काम, वेल्डिंग आणि तुळईचा प्रश्न निघालाच तर तो, यांसाठी जाणकार माणसेच लावावीत. लायनरची ऑर्डर देण्याआधी गोळा खालपर्यंत उतरवून पाहावा. तो अडला तर माथ्यापासून किती फुटांवर अडला आणि पोकळीची आतली लांबी-रुंदी तेथे किती आहे, एवढे मोजून कळवावे. लवचीक लायनर घ्यायचे की कडक पाइप करून घ्यायचे, ते मी त्या आकड्यांवरून सांगू शकेन.